लिलाव संपला की कॅटलॉग रद्दीत जातो, मग काही लोक अडीचशे वर्षं जुने कॅटलॉग का जमवतात?

बल्लारशाहच्या लाकूड आगारात सागवानाचा लिलाव असला की आधी एक यादी निघते. कोणत्या लॉटमध्ये किती ओंडके, लांबी किती, घेर किती, हे सगळं त्या यादीत असतं. व्यापारी यादी हातात घेऊन ढिगांमधून फिरतात, माल बघतात आणि कडेला पेनाने आपला आकडा टिपून ठेवतात. बोली लागते, पैसे भरले जातात, ट्रक निघतो. आणि यादी? ती कुठेतरी खिशात घडी होऊन पडते, नाहीतर चहाच्या टपरीवर भज्यांखाली जाते.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान असं इंग्रजांच्या काळापासून देशभर जात आलंय. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड गेलं तेही बल्लारशाहहूनच. पण एखाद्या जुन्या वाड्याच्या खांबाकडे बघून हे लाकूड आलापल्लीचं की आणखी कुठलं, हे शंभर वर्षांनी कोण सांगणार? ती फेकून दिलेली यादी कुणी जपून ठेवली असेल तरच काही सांगता येईल.

आता हाच प्रश्न लाकडाऐवजी चित्राला लावून बघा. म्हणजे युरोपातले काही लोक जुन्या लिलावांच्या याद्या, म्हणजेच कॅटलॉग, वेड लागल्यासारखे का जमवतात ते कळेल. त्यातही सगळ्यात जास्त मागणी असते ती ‘ओल्ड मास्टर’ रेखाचित्रांच्या कॅटलॉगना.

ओल्ड मास्टर म्हणजे ढोबळमानाने १८०० सालाआधीचे युरोपातले मोठे चित्रकार. लिओनार्दो, राफाएल, मायकेलअँजेलो, रेम्ब्रांट वगैरे मंडळी. मोठं चित्र रंगवायच्या आधी ते कागदावर खडूने, शाईने कच्ची रेखाटनं करायचे. एखादा हात, एखादा चेहरा, घोड्याचा पाय. हीच रेखाटनं आज कोट्यवधींना जातात. २००९ मध्ये लंडनला राफाएलने काढलेलं एका स्त्रीच्या डोक्याचं रेखाटन जवळपास २ कोटी ९२ लाख पौंडांना गेलं. २०१२ मध्ये त्याचंच एका तरुण शिष्याच्या चेहऱ्याचं रेखाटन २ कोटी ९७ लाखांना. पौंडांत, रुपयांत नाही.

आणि गंमत म्हणजे यातल्या बहुतेक कागदांवर सही नसते. चित्रकाराने ते विकण्यासाठी काढलेलेच नव्हते, तर सही कशाला करेल? मग हा कागद राफाएलचाच, त्याच्या चेल्याचा नाही, हे कशावरून ठरवायचं? एक तर जाणकाराची नजर. आणि दुसरं म्हणजे हा कागद गेली तीनशे-चारशे वर्षं कुणाकुणाच्या हातातून आला, त्याची साखळी. ही साखळी जोडायला लागतात जुने कॅटलॉग.

हे म्हणजे लाकडाच्या वाहतूक परवान्यासारखं आहे. परवाना नसलेला सागवानाचा ट्रक नाक्यावर अडतो. तसंच आधीचा मालक कोण, त्याच्या आधीचा कोण, हे सांगता न येणारं चित्र मोठ्या लिलावात अडतं.

रेम्ब्रांट, शहाजहान आणि १७४७ ची एक ओळ

या सगळ्याचं सगळ्यात भारी उदाहरण थेट भारताशी जोडलेलं आहे.

रेम्ब्रांट हा १७ व्या शतकातला डच चित्रकार. तो कधीच भारतात आला नाही. पण १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्याने अकबर, जहांगीर, शहाजहान, दारा शुकोह यांची चित्रं काढली. कशी? तर मुघल लघुचित्रं समोर ठेवून. डच ईस्ट इंडिया कंपनीची सुरतेत वखार होती. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा डच व्यापारी याच वखारीत होते. अशा व्यापारातूनच ही लघुचित्रं ॲमस्टरडॅमच्या बाजारात पोचली आणि तिथून रेम्ब्रांटच्या टेबलावर. त्याने ती आशियातून आलेल्या महागड्या कागदावर, बारीक रेघांनी उतरवून घेतली. एरवी फटकाऱ्यांत काम उरकणारा माणूस इथे शहाजहानच्या पागोट्याची घडी न घडी काढत बसलाय.

आज अशी २३ रेखाचित्रं माहीत आहेत. लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, लॉस एंजेलिस अशी जगभर पांगलेली. ती एकेकाळी एकत्र होती का? की रेम्ब्रांटने सहज अधूनमधून काढली होती?

याचं उत्तर शोधताना अभ्यासक एका लिलावाच्या कॅटलॉगपाशी येऊन थांबतात. जोनाथन रिचर्डसन नावाचा एक इंग्रज चित्रकार होता. स्वतः व्यक्तिचित्रं काढायचा आणि कमावलेला पैसा जुन्या रेखाचित्रांवर उडवायचा. त्याच्याकडे हजारो रेखाचित्रं जमली होती. तो १७४५ मध्ये वारला आणि १७४७ मध्ये लंडनमध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. त्या कॅटलॉगमध्ये एक लॉट असा नोंदवलाय की रेम्ब्रांटने काढलेल्या भारतीय चित्रांचं एक पुस्तक, एकूण २५ नग.

बस, एवढंच. फोटो नाही, वर्णन नाही, मापं नाहीत. पण या एका ओळीने किती गोष्टी उलगडतात बघा. ही चित्रं एकत्र बांधलेली होती. त्यांची संख्या २५ होती. ती रेम्ब्रांटचीच आहेत असं त्याच्या मृत्यूनंतर ८० वर्षांच्या आत लोक मानत होते. आणि आज माहीत असलेला आकडा २३ असल्यामुळे आणखी एक-दोन कागद जगात कुठेतरी असतील, अशी आशा धरायला जागा राहते.

२०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने रेम्ब्रांटची ही रेखाचित्रं आणि मुघल लघुचित्रं शेजारी शेजारी मांडून एक प्रदर्शनच भरवलं. तिकडे व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात एका दालनाच्या भिंतींवर मुघल चित्रं कापून, जोडून चिकटवलेली आहेत. झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांचं रेम्ब्रांटचं जे रेखाचित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्याच्याशी जुळणारी रचना या भिंतीवर सापडते.

कॅटलॉगमध्ये असतं तरी काय?

सुरुवातीला लिलावाचे कॅटलॉग म्हणजे खरोखर बल्लारशाहसारखीच यादी असायची. नंबर, नाव, नग. हे बदललं पॅरिसमध्ये, १७४१ साली.

पिएर क्रोझा नावाचा एक गडगंज सावकार होता. त्याने जवळपास १९ हजार रेखाचित्रं जमवली होती. मरताना त्याने लिहून ठेवलं की हे सगळं विकून येणारा पैसा पॅरिसच्या गरिबांना द्यावा. संग्रह विकायला काढायचा तर यादी करणं आलं. ते काम पिएर-जाँ मारिएत याच्याकडे आलं. हा स्वतः व्यापारी, स्वतः संग्राहक आणि वर अभ्यासक. त्याने नुसती यादी न करता प्रत्येक चित्रकाराबद्दल, त्याच्या शैलीबद्दल चार शब्द लिहिले. विक्रीचा कागद वाचायचं पुस्तक झाला. आज आपण जो जाडजूड, गुळगुळीत कॅटलॉग बघतो त्याचा हा पूर्वज.

अर्थात १९ हजार कागद एकेक करून विकणं शक्यच नव्हतं. मग एकेका लॉटमध्ये दहा-वीस, कधी त्याहून जास्त रेखाचित्रं गठ्ठ्याने गेली. त्यामुळे कुठलं रेखाचित्र कुठल्या लॉटमधलं हे ओळखणं आज जिकिरीचं होतं. सुदैवाने क्रोझाच्या रेखाचित्रांच्या खालच्या कोपऱ्यात शाईने लिहिलेले आकडे आहेत. ते आकडे आणि छापील कॅटलॉग समोरासमोर धरले की पत्ता लागायला मदत होते.

पॅरिसच्याच लिलावांत काही वर्षांनी एक अवलिया येऊन बसायला लागला. गाब्रिएल दे सेंत-ओबँ. हाही चित्रकार, पण फार चाललेला नाही. लिलाव चालू असताना हा कॅटलॉगच्या समासात, ओळींच्या मधे, जागा मिळेल तिथे समोर आलेल्या चित्राची नखाएवढी नक्कल काढत बसायचा. सोबत किंमतही टिपायचा. असे त्याच्या हातचे अनेक कॅटलॉग उरले आहेत. फोटोचा शोध लागायला अजून बरीच दशकं होती. त्यामुळे त्या लिलावात विकलं गेलेलं आणि नंतर हरवलेलं एखादं चित्र दिसायला कसं होतं, हे सांगणारा जगातला एकमेव पुरावा म्हणजे सेंत-ओबँने समासात केलेला तो चिमुकला गिचमिडा.

म्हणूनच जमवणाऱ्यांच्या जगात कोरी करकरीत प्रत सगळ्यात भारी नसते. ज्या प्रतीवर लिलावात बसलेल्या कुणीतरी प्रत्येक लॉटपुढे विक्रीची किंमत आणि घेणाऱ्याचं नाव लिहिलंय, तिला भाव असतो. छापलेला मजकूर सगळ्या प्रतींत सारखाच, पण हाताने लिहिलेलं त्या एकाच प्रतीत. शाळेत कुणी पुस्तकात लिहिलं की मार खायचा, इथे उलटं आहे.

आणखी एक मेख म्हणजे कॅटलॉगची भाषा. आज लिलाव कंपन्या स्पष्ट लिहितात की हे चित्र अमक्याचं, हे अमक्याच्या कार्यशाळेतलं, हे त्याच्या अनुयायाचं, हे नंतर केलेली नक्कल. पण क्रिस्टीजच्या जुन्या कॅटलॉगांत हे सगळं फक्त नाव कसं छापलंय त्यावरून ओळखावं लागायचं. पूर्ण नाव दिलं असेल, म्हणजे ‘पीटर पॉल रुबेन्स’, तर कंपनीच्या मते चित्र त्याचंच. ‘पी. पी. रुबेन्स’ अशी आद्याक्षरं असतील तर त्या काळातलं, कदाचित त्याचं. आणि नुसतं ‘रुबेन्स’ असेल तर शैली तशी, बाकी तुमचं नशीब. ही खूण माहीत नसलेला माणूस जुना कॅटलॉग वाचून खुशाल म्हणेल की आजोबांनी खरा रुबेन्स घेतला होता.

हातोड्याचा ठसा

जंगलातून निघालेल्या ओंडक्यावर वनखातं हातोड्याने ठसा मारतं. तो ठसा म्हणजे माल कायदेशीर असल्याची खूण. ठसा नसेल तर चोरीचा असल्याचा संशय येतो.

रेखाचित्रांचे मालकही असंच करायचे. स्वतःचा छोटा शिक्का बनवून घ्यायचे आणि रेखाचित्राच्या कोपऱ्यात मारायचे. मारिएतचा वर्तुळात ‘एम’. सर थॉमस लॉरेन्सच्या संग्रहातल्या कागदांवर ‘टी. एल.’ अशी शाई न लावता दाबून उमटवलेली अक्षरं. एकेका रेखाचित्रावर असे चार-पाच शिक्के असतात. म्हणजे मालकांची वंशावळच.

पण शिक्का कुणाचा हे कळायचं कसं? हे वेड फ्रिट्स लुख्त या डच माणसाने घेतलं. तरुणपणी तो ॲमस्टरडॅमच्या एका लिलाव कंपनीत कामाला होता. तिथे रोज हातातून रेखाचित्रं आणि कॅटलॉग जायचे. १९२१ मध्ये त्याने हे शिक्के ओळखायचा एक कोशच काढला. शिक्क्याचं चित्र, मालकाचं नाव, त्याने काय जमवलं, त्याचा लिलाव कधी झाला. प्रत्येक शिक्क्याला एक क्रमांक. आजही जगात कुठेही रेखाचित्र विकायला निघालं की वर्णनात हा ‘लुख्त क्रमांक’ दिलेला असतो.

शिक्क्यावरून मालक कळला, आता त्याच्या लिलावाचा कॅटलॉग हवा. मग लुख्तने दुसरं काम हाती घेतलं, ते १९३८ पासून छापून यायला लागलं. १६०० सालापासून झालेल्या कलेच्या लिलावांच्या कॅटलॉगांची यादी. कुठल्या तारखेला, कुठल्या गावात, कुणाच्या संग्रहाचा लिलाव झाला आणि त्या कॅटलॉगची प्रत आज कुठल्या ग्रंथालयात आहे. चार खंड झाले, साधारण एक लाख कॅटलॉग. १९२५ पर्यंतचे लिलाव घेणारा चौथा खंड १९८७ मध्ये आला तेव्हा लुख्तला जाऊन १७ वर्षं झाली होती.

याद्यांची यादी करण्यात कुणी आयुष्य घालवेल का, असं वाटू शकतं. पण लिओनार्दोचं अस्वल बघा. तळहातावर मावेल असा, साधारण ७ सेंटिमीटरचा चौकोनी कागद, त्यावर अस्वलाचं डोकं. तो लॉरेन्सकडे होता. लॉरेन्स १८३० मध्ये कर्ज मागे ठेवून वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे अख्खा संग्रह आधी राजाला, मग ब्रिटिश म्युझियमला १८ हजार पौंडांत देऊ केला गेला, पण कुणी घेतला नाही. शेवटी सॅम्युएल वुडबर्न या व्यापाऱ्याने तो १६ हजारांना घेतला. अस्वलाचा कागद १८६० मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात अडीच पौंडांना गेला. २०२१ मध्ये तोच कागद, त्याच क्रिस्टीजमध्ये, ८८ लाख ५७ हजार ५०० पौंडांना विकला गेला. लॉरेन्स, वुडबर्न, १८६० चा लिलाव ही सगळी साखळी कागदावर होती म्हणून घेणारा निश्चिंत होता.

सरकारी खरेदीचा हाच घोळ १९८४ मध्ये पुन्हा झाला. इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ या ड्यूकच्या वाड्यातली रेखाचित्रं ब्रिटिश म्युझियम थेट विकत घेणार होतं. बोलणी ५० लाख पौंडांच्या थोड्या वर चालली होती आणि किरकोळ फरकावरून फिसकटली. क्रिस्टीजने लिलाव केला. ७१ रेखाचित्रं, २ कोटी १० लाख पौंडांहून जास्त. त्या लिलावाचा कॅटलॉग जमवणाऱ्यांच्या कपाटात हमखास दिसतो.

चोरलेलं परत मागायचं तर

इथपर्यंत हा श्रीमंतांचा छंद वाटला तर त्यात चूक नाही. पण कॅटलॉगचा खरा कस लागतो तो चोरीच्या मालात.

आर्थर फेल्डमान हे चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरातले ज्यू वकील. त्यांनी ओल्ड मास्टर रेखाचित्रांचा मोठा संग्रह केला होता. १९३४ मध्ये त्यातल्या काही भागाचा स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला लिलाव झाला. त्याचा कॅटलॉग छापला गेला आणि त्यावर त्यांचं नाव आलं. पुढे मार्च १९३९ मध्ये नाझी सैन्य ब्रनोत शिरलं. फेल्डमान कुटुंबाला घराबाहेर काढलं आणि उरलेली रेखाचित्रं गेस्टापोने उचलली. फेल्डमान १९४१ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी आउशवित्झमध्ये मारल्या गेल्या.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्यातली काही रेखाचित्रं लंडनमध्ये लिलावाला आली. ब्रिटिश म्युझियमने ती घेतली. कुठून आली हे त्यांना ठाऊक नव्हतं. अनेक दशकांनी फेल्डमान यांच्या वारसांनी चार रेखाचित्रांवर दावा केला. ती आपल्याकडे आली ती लुटीतूनच, हे संग्रहालयाने मान्य केलं. परत द्यायची तयारीही दाखवली. पण २००५ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने सांगितलं की ब्रिटिश म्युझियमच्या कायद्यात वस्तू अशी देऊन टाकायला परवानगीच नाही. शेवटी २००६ मध्ये १ लाख ७५ हजार पौंडांची भरपाई देण्याची शिफारस झाली.

अशा प्रकरणांत कुटुंबाकडे ना पावती असते, ना फोटो. घरच गेलेलं असतं. मग ‘डॉ. फेल्डमान, ब्रनो’ असं छापलेला एखादा जुना कॅटलॉग, त्यातलं वर्णन, मापं आणि शिक्के हाच आधार उरतो. म्हणूनच जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९३० ते १९४५ या काळातले जर्मन लिलावांचे कॅटलॉग शोधून, स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले केले. ज्या काळात ज्यू कुटुंबांचा माल कवडीमोलाने विकला गेला, नेमका तोच काळ.

आणि इकडे चांदा, नागपूर

आता जटपुरा गेटजवळ येऊ. १७५१ पर्यंत चांद्यावर गोंड राजांचं राज्य होतं. नंतर ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. ते घेणारे होते पहिले रघूजी भोसले. त्यांना छत्रपती शाहू महाराजांनी ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब दिला होता.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोथबीजच्या लिलावात एक तलवार आली. पातं युरोपीय घडणीचं, म्हणजे आपल्याकडे जिला ‘फिरंग’ म्हणतात ती. पात्यावर सोन्याचं काम आणि देवनागरीत रघूजी भोसल्यांचं नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब. कॅटलॉगमधली ही नोंद महाराष्ट्रात पोचली ती लिलावाच्या तोंडावर. २९ एप्रिलला राज्य सरकारने मध्यस्थामार्फत बोली लावून ती घेतली. सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत आली.

ती नागपूरबाहेर गेली कशी? १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नागपूरच्या खजिन्यावर हात मारला, तेव्हाच गेली असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण अंदाज आणि लेखी नोंद यात फरक आहे. पात्यावर अक्षरं होती म्हणून तलवार ओळखता तरी आली. तेवढी ओळ नसती तर ती कॅटलॉगमध्ये ‘भारतीय तलवार, १८ वं शतक’ अशी छापून कुणाच्याही दिवाणखान्यात गेली असती. चांद्याच्या किंवा नागपूरच्या ज्या वस्तूंवर नाव कोरलेलं नव्हतं, त्या अशाच मोघम वर्णनाखाली जुन्या कॅटलॉगांत पडलेल्या असू शकतात. त्या शोधायच्या तर जुने कॅटलॉग चाळणारा आणि मोडी, मराठी येणारा माणूस हवा. लंडनमधल्या वर्णन लिहिणाऱ्याला जटपुरा कुठे आहे हे माहीत असायचं कारण नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात पिप्रहवाच्या बुद्ध अवशेषांसोबतची रत्नं सोथबीज हाँगकाँगमध्ये विकणार होती. जाहिरात झाली, भारत सरकारने नोटीस पाठवली आणि लिलाव थांबला. जुलैअखेर रत्नं भारतात आली. गोदरेज समूहाने ती विकत घेतली होती. वस्तू छापील यादीत आली की ती सगळ्यांना दिसते, एवढं मात्र यातून कळतं.

गडचिरोलीत बसून हे बघता येतं का?

येतं, आणि बरंचसं फुकट. लुख्तचा शिक्क्यांचा कोश आता इंटरनेटवर आहे. हायडेलबर्गचे स्कॅन केलेले कॅटलॉग मोबाइलवर उघडतात. गेटीची मालकी नोंदींची यादी नाव टाकून शोधता येते. मजकूर फ्रेंच किंवा जर्मन असला तरी भाषांतराचं ॲप कामापुरतं सांगतं.

प्रत्यक्ष कागद जमवायचा असेल तर मार्ग वेगळा. २० व्या शतकातले साधे कॅटलॉग फार महाग नसतात, कारण ते जड असतात आणि घरातल्या माणसांना ते लवकरात लवकर बाहेर काढायचे असतात. महाग असतात ते जुने, मोठ्या संग्रहांचे आणि हाताने टिपणं केलेले. आता तर मोठ्या कंपन्यांनी छापील कॅटलॉग खूपच कमी केलेत, सगळं वेबसाइटवर गेलंय. कागदावर एकदा छापलेली ओळ बदलता येत नाही. वेबसाइटवरचं पान उद्या बदलूही शकतं, गायबही होऊ शकतं. त्यामुळे छापील प्रतींकडे ग्रंथालयांचंही लक्ष वाढलंय.

आणि कधी मुंबईच्या फोर्टमधल्या फुटपाथवर, पुण्यात किंवा नागपुरात जुन्या पुस्तकांच्या ढिगात असा एखादा कॅटलॉग हाती लागलाच, तर आधी चित्रं बघू नका, समास बघा. पेन्सिलीचे आकडे दिसले तर खोडरबर लांब ठेवा. आत घडी केलेला किमतींचा सुटा कागद असेल तर तो तिथेच राहू द्या. आणि पानं निखळली म्हणून लगेच बाइंडिंगला देऊ नका. बाइंडर पहिल्यांदा कडा कापून सरळ करतो, आणि लिलावात बसलेल्या माणसाने जे काही लिहिलेलं असतं ते नेमकं त्या कडेलाच असतं.